कंटेनर, सीआय (स्वयंचलित बांधणी व चाचणी) आणि एआय सहायक: कोणते साधन आधी शिकावे आणि किती खोलात?

प्रश्न: सांधेजोड

नमस्कार.

मी अनेक वर्षांपासून एका माहिती-व्यवस्थापन प्रणालीची देखभाल करणाऱ्या छोट्या गटात काम करतो. प्रणाली पायथनमध्ये लिहिलेली आहे, डेटाबेस पोस्टग्रेस आहे, आणि नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवण्यासाठी आम्ही स्वतः लिहिलेल्या शेल स्क्रिप्ट वापरतो. सगळा कोड गिटमध्ये आहे, परंतु स्वयंचलित चाचण्या फारच थोड्या आहेत. प्रणाली व्यवस्थित चालते; अडचण येते ती गटात नवीन व्यक्ती आली की. तिच्या संगणकावर सर्व काही चालू करून देण्यात बरेच दिवस जातात, कारण त्यासाठी लिहिलेली सूचनापत्रिका आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांचा मेळ कधीच बसत नाही.

आता वरिष्ठांनी आम्हाला आधुनिक साधने स्वीकारण्यास सुचवले आहे, आणि त्यात एआय सहायकांचा उल्लेख विशेष आग्रहाने आहे. गटात दोन मते पडली आहेत. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की कंटेनर (प्रणाली तिच्या सर्व गरजांसह वेगळ्या कप्प्यात चालवण्याची पद्धत) समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊच नये. दुसऱ्याचे म्हणणे असे की डॉकरफाइल (कंटेनर कसा बांधायचा हे सांगणारी मजकूर-फाइल) एआय सहायक क्षणात लिहून देतो, त्यामुळे त्यामागची यंत्रणा शिकण्यात वेळ घालवण्याचे कारण उरलेले नाही. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते, म्हणून निर्णय होत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. कंटेनर नेमका कसा काम करतो आणि आमच्यासारख्या गटाला त्याचा पहिला उपयोग कोठे होईल? क्यूबरनेटीस (अनेक यंत्रांवरील कंटेनर सांभाळणारी व्यवस्था) शिकणे आवश्यक आहे का? आणि जुन्या, चाचण्या नसलेल्या कोडवर एआय सहायकाकडून काम करून घेताना त्याच्या उत्तरावर कितपत विसंबावे? ज्यांनी हा प्रवास प्रत्यक्ष केला आहे त्यांनी क्रमाविषयीही सांगावे, ही विनंती.

उत्तर: तळटीप

आपल्या प्रश्नातील कंटेनरच्या भागापुरते उत्तर देतो, कारण माझे रोजचे काम त्याच्याशी निगडित आहे.

लिनक्सच्या कर्नलमध्ये (कार्यप्रणालीच्या गाभ्यात) कंटेनर नावाची कोणतीही एक वस्तू नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. कंटेनर म्हणजे एक साधी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) असते आणि कर्नल तिला दोन प्रकारच्या मर्यादा घालून देतो. नेमस्पेसमुळे त्या प्रोसेसला काय दिसावे हे ठरते: तिची स्वतःची फाइलव्यवस्था, स्वतःचे नेटवर्क, स्वतःची प्रोसेस-क्रमांकांची यादी. सीग्रुपमुळे तिने किती मेमरी आणि किती प्रोसेसर वापरावा हे ठरते. व्हर्च्युअल मशीनमध्ये अख्खी दुसरी कार्यप्रणाली तिच्या स्वतंत्र कर्नलसह चालते. कंटेनरमध्ये यजमान संगणकाचाच कर्नल वापरला जातो, म्हणून तो क्षणार्धात सुरू होतो. मॅक किंवा विंडोजवर लिनक्सचे कंटेनर चालतात तेव्हा पडद्यामागे एक लिनक्स व्हर्च्युअल मशीन चालू असते, आणि तेथे फाइली वाचणे संथ का वाटते याचे उत्तर बहुधा त्यातच सापडते.

ही कल्पना नवी नाही. युनिक्समध्ये १९७९ साली सीएचरूट आले, फ्रीबीएसडीमध्ये २००० साली जेल आले, आणि सीग्रुपचा लिनक्स कर्नलमध्ये समावेश २००८ साली झाला. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेतील एका छोट्याशा भाषणात डॉकर दाखवले, तेव्हा कर्नलमधले हे सर्व घटक आधीपासून उपलब्ध होते. डॉकरने त्यात जी भर घातली ती मला अधिक मोलाची वाटते. चालू स्थितीतील संपूर्ण वातावरण कसे उभे करायचे ते एका लहानशा मजकूर-फाइलमध्ये लिहायचे, त्यावरून इमेज (त्या वातावरणाची गोठवलेली प्रत) तयार करायची, आणि तीच इमेज जशीच्या तशी दुसऱ्या संगणकावर पाठवायची. आपली सूचनापत्रिका कालबाह्य होते, कारण ती चुकीची असली तरी काहीच अडत नाही. डॉकरफाइल चुकीची असेल तर इमेज तयारच होत नाही, आणि ती चूक त्याच दिवशी समोर येते.

म्हणून आपण सर्व्हरपासून सुरुवात करू नये. विकासकाच्या संगणकापासून करावी. पहिल्या टप्प्यात केवळ पोस्टग्रेस कंटेनरमध्ये चालवावा आणि त्याची मुख्य आवृत्ती सर्व्हरवर असेल तीच ठेवावी. त्याचा डेटा व्हॉल्यूममध्ये (कंटेनरबाहेर टिकणाऱ्या साठ्यात) ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण कंटेनरच्या आतील लिहिण्याजोगा थर कंटेनर काढून टाकताच नाहीसा होतो. पुढे कधी मुख्य आवृत्ती बदलावी लागली, तर केवळ इमेजचा टॅग (आवृत्तीचे नाव) बदलून भागत नाही: जुन्या आवृत्तीने लिहिलेली डेटा-निर्देशिका नवा पोस्टग्रेस स्वीकारत नाही आणि सुरू होण्यास नकार देतो, त्यामुळे डेटा बाहेर काढून पुन्हा भरावा लागतो किंवा पोस्टग्रेससोबत मिळणारे आवृत्ती-बदलाचे साधन वापरावे लागते. हे स्थिरावले की दुसऱ्या टप्प्यात आपली प्रणाली कंटेनरमध्ये आणावी आणि दोन्ही कंटेनर कंपोज या डॉकरच्या साधनाच्या एका फाइलमधून एकत्र सुरू करावेत.

डॉकरफाइल लिहिताना ओळींचा क्रम महत्त्वाचा असतो. प्रत्येक सूचनेचा निकाल कॅशमध्ये राहतो, आणि एखादी सूचना किंवा तिने वापरलेली फाइल बदलली की तिच्यापुढचे सर्व थर नव्याने तयार होतात. लायब्ररींची यादी असलेली फाइल आधी आणून लायब्ररी बसवाव्यात आणि आपला कोड त्यानंतर आणावा; एवढ्यानेच दर बदलानंतरची प्रतीक्षा काही मिनिटांवरून काही सेकंदांवर येते. पासवर्ड किंवा खासगी किल्ली एका थरात आणून पुढच्या थरात पुसली, तरी आधीच्या थरात ती कायम राहते आणि इमेज हाती असलेला कोणीही ती वाचू शकतो, त्यामुळे गुपिते इमेज बांधताना आत येताच कामा नयेत. पायथनसाठी केवळ आकार लहान म्हणून अल्पाइनची इमेज निवडण्यापूर्वी विचार करावा: तिच्यात ग्लिबसीऐवजी मसल ही सी-लायब्ररी असते, आणि ज्या पॅकेजांच्या मसलसाठी तयार प्रती उपलब्ध नाहीत ती तेथे मूळ कोडपासून बांधावी लागतात.

आपल्याकडे शेल स्क्रिप्ट आहेत म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे होणारा त्रास लवकर उमगत नाही. कंटेनर थांबवताना डॉकर पहिल्या प्रोसेसला थांबण्याचा संकेत देतो, ठरलेली १० सेकंदे वाट पाहतो आणि मग तिला सक्तीने बंद करतो. पहिली प्रोसेस शेल स्क्रिप्ट असेल आणि तिने पायथनला आपली उपप्रक्रिया म्हणून सुरू केले असेल, तर तो संकेत पायथनपर्यंत पोहोचत नाही आणि अर्धवट कामे तशीच तुटतात. स्क्रिप्टच्या शेवटच्या आज्ञेआधी एक्झेक लिहिले की शेलची जागा पायथनची प्रोसेस घेते आणि संकेत योग्य ठिकाणी जातो. कंटेनर १३७ हा क्रमांक देऊन बंद पडला, तर तो सक्तीने बंद केला गेला असे समजावे. तो कोणी मुद्दाम थांबवला नसेल, तर सर्वप्रथम मेमरीची मर्यादा तपासावी.

क्यूबरनेटीसविषयी माझे मत स्पष्ट आहे: आपल्याला ते सध्या नको. अनेक यंत्रांवर अनेक सेवा वाटून द्याव्या लागतात आणि एखादे यंत्र बंद पडले तरी काम आपोआप दुसरीकडे हलावे लागते, तेव्हा ते कामास येते. एक-दोन सर्व्हरसाठी त्याची देखभाल हेच एक वेगळे काम होऊन बसते. मात्र त्याच्या इतिहासातील एक घटना उपयोगी आहे. २०२२ मध्ये क्यूबरनेटीसच्या १.२४ या आवृत्तीतून डॉकरशी थेट जोडणारा भाग काढून टाकण्यात आला, आणि तरीही डॉकरने बांधलेल्या इमेज पूर्वीसारख्याच चालत राहिल्या, कारण इमेजचे स्वरूप २०१७ पासून ओसीआय या खुल्या मानकात निश्चित झालेले होते. त्यामुळे शिकताना एका उत्पादनाच्या आज्ञा पाठ करण्यापेक्षा इमेज, थर, व्हॉल्यूम आणि नेटवर्क या संकल्पना समजून घ्याव्यात. उद्या आपण पॉडमन हे डॉकरसारखेच दुसरे साधन वापरायचे ठरवले तरी ते ज्ञान तसेच लागू पडेल.

उत्तर: उलटतपासणी

एआय सहायकांविषयी लिहितो. आपल्या दुसऱ्या सहकाऱ्याच्या म्हणण्यातील पूर्वार्ध खरा आहे आणि उत्तरार्ध चुकीचा आहे. सहायक डॉकरफाइल क्षणात लिहितो. परंतु ती वाचून योग्य आहे की नाही हे ठरवण्याचे काम आपल्याकडेच राहते, आणि यंत्रणा ठाऊक नसेल तर ते करता येत नाही. सहायकांनी लिहिलेल्या डॉकरफाइलमध्ये मला वारंवार आढळणाऱ्या त्रुटी म्हणजे सर्व काही रूट (सर्वाधिकारी) वापरकर्त्याच्या अधिकाराने चालवणे, लायब्ररी बसवण्यापूर्वीच सगळा कोड आत आणणे, आणि मूळ इमेजची नेमकी आवृत्ती न नोंदवणे. अशी फाइल पहिल्या दिवशी चालते, म्हणूनच या त्रुटी कोणाच्या लक्षात येत नाहीत.

या साधनांचे स्वरूप थोड्या काळात फार बदलले. जून २०२१ मध्ये गिटहब कोपायलटची पूर्वावृत्ती आली तेव्हा आपण लिहीत असलेली ओळ किंवा फंक्शन पूर्ण करून देणे एवढेच तिचे काम होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यावर प्रश्नोत्तरांची पद्धत रूढ झाली. आता आपण ज्याला एजंट म्हणतो तो स्वतः फाइली उघडतो, बदल करतो, टर्मिनलमध्ये आज्ञा चालवतो, आलेला निकाल वाचतो आणि पुन्हा बदल करतो. मुळाशी असलेले मॉडेल अजूनही पुढचा शब्दखंड कोणता असावा याचाच अंदाज बांधत असते. फरक एवढाच की आता त्याच्या अंदाजाला बाहेरून उत्तर मिळते. कंपायलरने दाखवलेली चूक, अपयशी ठरलेली चाचणी, सुरूच न झालेला कंटेनर, हे सर्व त्याला पुढच्या फेरीत दिसते. जेथे असे उत्तर मिळतच नाही तेथे एजंट आत्मविश्वासाने चुकीच्या दिशेने जात राहतो. आपल्याकडे चाचण्या थोड्या आहेत, ही या दृष्टीने आपली सर्वांत मोठी उणीव आहे.

परिणामकारकतेविषयी दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रामरांना जावास्क्रिप्टमध्ये एक एचटीटीपी सर्व्हर लिहायला सांगितले होते. कोपायलट मिळालेल्या गटाने ते काम ५५.८ टक्के कमी वेळात पूर्ण केले. हा प्रयोग करणाऱ्यांत त्या साधनाच्या निर्मात्यांशी संबंधित संशोधक होते, हेही नमूद केले पाहिजे. २०२५ मध्ये मेटर या संशोधनसंस्थेने १६ अनुभवी मुक्तस्रोत विकासकांसोबत त्यांच्या स्वतःच्या प्रकल्पांतील २४६ कामे घेऊन प्रयोग केला. एआय वापरण्याची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के अधिक वेळ लागला. विकासकांनी आधी २४ टक्के वेळ वाचेल असा अंदाज दिला होता, आणि काम संपल्यानंतरही आपला २० टक्के वेळ वाचला असेच त्यांना वाटत होते.

मला या दोन निकालांत विसंगती दिसत नाही. पहिल्या प्रयोगातील काम नवे, छोटे आणि स्वयंपूर्ण होते. दुसऱ्यात विकासक वर्षानुवर्षे स्वतः सांभाळलेल्या मोठ्या कोडवर काम करत होते. तेथील अनेक अलिखित नियम मॉडेलला ठाऊक नव्हते, आणि त्याने सुचवलेल्या कोडपैकी निम्म्याहून कमी कोड विकासकांनी स्वीकारला. दुसऱ्या प्रयोगातील साधने २०२५ च्या सुरुवातीची होती आणि ती तेव्हापासून पुष्कळ सुधारली आहेत, म्हणून तो आकडा आज जसाच्या तसा धरू नये. परंतु वेळ वाचल्याची भावना आणि प्रत्यक्ष वाचलेला वेळ यांत एवढे अंतर पडू शकते, ही बाब मी गांभीर्याने घेतो. आपली प्रणाली दुसऱ्या प्रकारात मोडते.

म्हणून मी असे सुचवेन की एआय सहायकाला पहिले काम कोड लिहिण्याचे देऊ नये, वाचण्याचे द्यावे. आपल्या शेल स्क्रिप्टमधील प्रत्येक पायरी काय करते, ती कोणत्या फाइली आणि कोणते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल गृहीत धरते, हे ओळींच्या क्रमांकांसह त्याला लिहून द्यायला सांगावे आणि ते वर्णन स्क्रिप्ट समोर ठेवून पडताळावे. ओळक्रमांक मागितल्यामुळे पडताळणी सोपी होते. दुसरे काम चाचण्यांचे. येथे योग्य वर्तन कोणते असावे हे ठरवणारी चाचणी मागू नये. प्रणाली आज जे करते ते जसेच्या तसे नोंदवणारी चाचणी मागावी. सध्याच्या वर्तनात एखादी चूक असेल तर तीही नोंदली जाऊ द्यावी, कारण पुढे कोड बदलताना काय बदलले हे कळणे हाच त्या चाचणीचा हेतू असतो.

एजंटकडून प्रत्यक्ष बदल करून घेऊ लागाल तेव्हा प्रत्येक बदल लहान ठेवावा आणि वेगळा कमिट करावा (गिटमध्ये नोंदवावा). चाचणी यशस्वी होत नसेल तर एजंट कधीकधी कोड दुरुस्त करण्याऐवजी चाचणीच सैल करतो, म्हणून चाचण्यांच्या फाइलींना हात लावू नये असे त्याला बजावावे आणि तरीही डिफमध्ये (बदलांच्या यादीत) त्या फाइली स्वतः पाहाव्यात. अशा सूचना रिपॉझिटरीतील एका मजकूर-फाइलमध्ये ठेवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे: चाचण्या कोणत्या आज्ञेने चालतात, कोणत्या निर्देशिकेला हात लावायचा नाही, डेटाबेसच्या रचनेतील बदल कसे करायचे. ही फाइल गटात नव्याने आलेल्या व्यक्तीलाही तितकीच उपयोगी पडते, आणि एजंट ती रोज वापरत असल्यामुळे तिच्यातील चुका लवकर उघड होतात.

उत्तर: अनुप्रास

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरी क्रमाबाबत माझा मतभेद आहे. ज्या गटाकडे चाचण्या नाहीत आणि लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्याही नोंदलेल्या नाहीत, त्याने थेट कंटेनरकडे वळू नये. कंटेनर अव्यवस्था दूर करत नाही. अडगळीच्या खोलीला कुलूप लावल्यासारखे होते. अनेक वर्षांपूर्वी बांधलेली, आत नेमके काय आहे हे कोणालाच ठाऊक नसलेली आणि पुन्हा बांधायला गेल्यास न बांधता येणारी इमेज मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. ती चालत राहते आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी पाहत नाही.

पायथनपुरते बोलायचे तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, सर्व लायब्ररींच्या आवृत्त्या आणि हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) नोंदवणारी लॉकफाइल, आणि सर्व काही उभे करणारी एकच आज्ञा, एवढ्याने आपल्या नव्या सहकाऱ्याची बहुतेक अडचण दूर होईल. डेटाबेसच्या रचनेतील प्रत्येक बदल मायग्रेशनच्या (बदल करणाऱ्या स्क्रिप्टच्या) रूपाने रिपॉझिटरीत असावा. हे झाले की कंटेनर हे केवळ त्यावरचे वेष्टन उरते, आणि डॉकरफाइल अगदी आटोपशीर होते.

आणखी एक सांगावेसे वाटते. आधुनिक साधनांची चर्चा कंटेनर आणि एआय यांभोवतीच फिरते, आणि ज्यांचा लाभ पहिल्या दिवसापासून मिळतो ती साधने मागे राहतात. २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर झाला, तेव्हापासून व्याख्येकडे जाणे, सर्व उल्लेख शोधणे, नाव सुरक्षितपणे बदलणे या सोयी कोणत्याही चांगल्या संपादकात मिळू लागल्या. प्रत्येक भाषेसाठी आणि प्रत्येक संपादकासाठी त्या वेगवेगळ्या लिहिण्याची गरज राहिली नाही. एखाद्या फंक्शनचे नाव पन्नास ठिकाणी बदलायचे असेल तर लँग्वेज सर्व्हर ते कोडची रचना समजून करतो. तेच काम एआयला अंदाजाने करायला लावणे मला गैर वाटते. तसेच गिट बायसेक्ट. दोष कधी शिरला हे ठाऊक नसताना तो दरवेळी कमिटची उरलेली यादी निम्मी करत जातो, त्यामुळे हजार कमिटांमधून दोषी कमिट साधारण दहा तपासण्यांत सापडतो. आपल्या जुन्या प्रणालीत याचा उपयोग वारंवार होईल, आणि त्यासाठी नवे काहीही बसवावे लागत नाही.

सांधेजोड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लायब्ररींच्या आवृत्त्या आमच्याकडे अर्धवटच नोंदलेल्या आहेत, त्यामुळे अनुप्रास यांचे म्हणणे मला विशेष पटले. लॉकफाइलपासून सुरुवात करतो आणि पोस्टग्रेसचा कंटेनर सोबतच आणतो, कारण ती दोन कामे एकमेकांवर अवलंबून दिसत नाहीत.

एक शंका उरते. एजंट टर्मिनलमध्ये स्वतः आज्ञा चालवतो हे वाचून मला काळजी वाटली, कारण आमच्यापैकी काहींच्या संगणकावरून प्रत्यक्ष सर्व्हरपर्यंत थेट पोहोचता येते. एजंटला कंटेनरमध्येच चालवले तर तेवढी भिंत पुरेशी होईल का?

उत्तर: कडीकोयंडा

कंटेनरची भिंत उपयोगी आहे, परंतु ती कशापासून रक्षण करते हे नीट समजून घ्यावे. कर्नल सामायिक असल्यामुळे मुद्दाम हल्ला करणाऱ्यापुढे ती व्हर्च्युअल मशीनइतकी भक्कम नसते. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंटेनर सुरू करणाऱ्या रनसी या मूलभूत घटकात असा दोष उघड झाला होता की दुष्ट हेतूने बनवलेला कंटेनर यजमान संगणकावरील रनसीची फाइलच बदलून तेथे रूटचे अधिकार मिळवू शकत असे. एजंटच्या बाबतीत मात्र बहुतेक धोका चुकून चालवलेल्या आज्ञेचा असतो, आणि त्यासाठी नीट आखलेला कंटेनर पुरेसा ठरतो.

नीट आखलेला म्हणजे काय, तर त्याला केवळ प्रकल्पाची निर्देशिका द्यावी, आपली संपूर्ण होम निर्देशिका देऊ नये, कारण एसएसएचच्या (सर्व्हरवर दुरून प्रवेश करण्याच्या) किल्ल्या तेथेच असतात. आतील वापरकर्ता रूट नसावा. बाहेर जाणारे नेटवर्क आवश्यक तेवढ्याच पत्त्यांपुरते खुले ठेवावे. आणि डॉकरचे सॉकेट (डॉकरला आज्ञा देण्याचा मार्ग) आत कधीही जोडू नये. ते मिळाले की आतील प्रोसेस यजमानावर हवा तसा नवा कंटेनर सुरू करू शकते, म्हणजे भिंत उरतच नाही. उदाहरणादाखल दिलेल्या अनेक कंपोज फाइलींमध्ये सोयीसाठी हे सॉकेट जोडलेले असते, तेव्हा उसन्या फाइली वापरताना हे आवर्जून पाहावे. प्रत्यक्ष सर्व्हरचे पासवर्ड त्या कंटेनरमध्ये असताच कामा नयेत. एजंटला कितीही बजावले तरी त्याच्या हाती नसलेली किल्ली तो वापरू शकत नाही, आणि मी भरवसा ठेवतो तो याच गोष्टीवर.

दोन धोके मात्र भिंतीमुळे टळत नाहीत. पहिला म्हणजे मजकुरातून येणारी सूचना. एजंट जे वाचतो ते सर्व त्याच्यासाठी एकाच प्रवाहात येते. एखाद्या वेबपानात, बगच्या नोंदीत किंवा तिऱ्हाइताच्या रीडमी फाइलमध्ये त्याला उद्देशून लिहिलेली आज्ञा असेल, तर ती माहिती आहे की हुकूम, हे त्याला खात्रीने ओळखता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आल्यापासून एजंटला डेटाबेस, तक्रारनोंदणी, दस्तऐवज अशी साधने जोडणे सोपे झाले आहे, आणि प्रत्येक जोडणीबरोबर त्याचा हात जितका लांब पोहोचतो तितकेच अशा सूचनांचे क्षेत्रही वाढते. खासगी माहिती वाचण्याची मुभा, अनोळखी मजकूर वाचण्याची मुभा आणि बाहेर काही पाठवण्याची मुभा, या तिन्ही गोष्टी एकाच एजंटला एकाच वेळी देऊ नयेत.

दुसरा धोका पॅकेजांचा. मॉडेल कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचे नाव सुचवते. तेच नाव वारंवार सुचवले जाते हे हेरून कोणी त्या नावाने घातक पॅकेज प्रसिद्ध केले, तर ते निमूटपणे बसवले जाईल. लॉकफाइलमध्ये हॅश असतील आणि नवे पॅकेज केवळ मनुष्याच्या संमतीनेच जोडले जाईल असा नियम असेल, तर ही वाट बंद होते. अनुप्रास यांनी सुचवलेला क्रम मला पटतो त्यामागे हेही एक कारण आहे.

शेवटी डेटाविषयी. विकासासाठी सर्व्हरवरील खऱ्या नोंदींची प्रत वापरण्याची सवय अनेक गटांत असते. सहायक दूरच्या सेवेवर चालत असेल तर त्याने वाचलेली प्रत्येक ओळ त्या सेवेकडे जाते. म्हणून चाचणीचा डेटा कृत्रिमरीत्या तयार केलेला असावा, आणि पाठवलेला मजकूर सेवापुरवठादार साठवतो का, प्रशिक्षणासाठी वापरतो का, हे करारात वाचून घ्यावे. करार मान्य नसेल तर स्वतःच्या यंत्रावर चालणारी खुली मॉडेल उपलब्ध आहेत. ती मोठ्या मॉडेलांइतकी सक्षम नसतात, पण जुन्या स्क्रिप्टचे वर्णन लिहिण्यासारख्या कामाला उपयोगी पडतात.

उत्तर: तळटीप

अनुप्रास यांनी लॉकफाइल आधी म्हटले ते मला मान्य आहे, आणि जुनाट इमेजविषयीचा त्यांचा आक्षेपही रास्त आहे. त्यावर एक उपाय आहे जो सांधेजोड यांनी सुरुवातीलाच करून ठेवावा.

डॉकरफाइलमध्ये मूळ इमेज टॅगने न नोंदवता तिच्या एसएचए-२५६ डायजेस्टने नोंदवावी. टॅग हे केवळ नाव असते. आज एका इमेजकडे बोट दाखवणारा टॅग उद्या दुसऱ्याच इमेजकडे दाखवू शकतो. डायजेस्ट मात्र मजकुरावरूनच काढलेला असतो, त्यामुळे तो ठरावीक इमेजशी कायमचा बांधलेला राहतो. अर्थात असे केले की सुरक्षेच्या दुरुस्त्याही आपोआप येत नाहीत. म्हणून सीआयमध्ये आठवड्यातून एकदा चालणारे काम लावावे: नवीनतम मूळ इमेजचा डायजेस्ट घ्यायचा, कॅश न वापरता संपूर्ण इमेज नव्याने बांधायची, सर्व चाचण्या चालवायच्या, आणि यश आल्यास नवा डायजेस्ट पुल रिक्वेस्टच्या (बदल स्वीकारण्याच्या विनंतीच्या) रूपाने पुढे ठेवायचा. कोडमध्ये काहीही बदल झालेला नसला तरी हे काम चालले पाहिजे, कारण इमेज पुन्हा बांधता येत नसल्याचे कळण्याची वेळ सर्व्हर बंद पडल्यानंतरची असू नये. पुल रिक्वेस्टवर मनुष्याचीच संमती ठेवावी. आणि तिची पाळी गटातील प्रत्येकाकडे फिरती असावी, म्हणजे नव्याने आलेल्या व्यक्तीलाही पहिल्या महिन्याभरात एकदा तरी इमेज बांधून, चाचण्यांचे निकाल वाचून निर्णय घ्यावा लागेल.